बदलापूरला घर घेतलंय

प्रिय आई-बाबा,

समोरासमोर सांगणार होतो. पण आपल्या खोलीत जरा आवाज चढला की मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं गॅलरीत येतात, म्हणून लिहितोय. मी बदलापूरला घर घेतलंय. वन बीएचके. टोकन दिलंय, कर्जही मंजूर झालंय.

बाबा, तुमच्या मनात पहिलं काय येणार ते ठाऊक आहे. गिरणी कामगारांना सरकार शेलू-वांगणीला घरं देतंय, तर ‘शेलू-वांगणी नको, मुंबईतच घर’ म्हणत तुम्ही आझाद मैदानात जाऊन बसलात, आणि पोरगा निघाला वांगणीच्या अलीकडच्या स्टेशनाला. पण तुमची मागणी हक्काची आहे, ती सोडायची नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांबाहेर पडले. गिरण्यांच्या जमिनी विकसित करायच्या 1991 च्या नियमात जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी होता. 2001 मध्ये तो हिस्सा सगळ्या जमिनीचा न राहता, गिरणीत बांधकाम नसलेली जेवढी मोकळी जागा होती तेवढ्याचाच उरला आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. आमच्या पिढीचं लालबागमधलं घर तिथेच गेलं, असं मला वाटतं. तुमचा गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचा अर्ज तसाच राहू दे.

इथेच बघा, असं आई म्हणणार. बघितलं गं. एकशे ऐंशी फुटांची खोली, नाहीतर करोडांचा टॉवर. मधलं घर कुणी बांधतच नाही. पगारदार माणूस त्या मधल्याच जागेत बसतो ना! आपल्याच मजल्यावर बघ, म्हातारी माणसं उरलीत आणि भाड्याच्या खोल्यांतून बाहेरगावची एकटी पोरं. आमच्या वयाचे सगळे डोंबिवली-विरारला. दहीहंडीला थर लावायला तेवढे येतात. टॉवरमधल्यांशी माझं काही वाकडं नाही, पण त्यांची गाडी पार्किंगमधून निघते ती थेट ऑफिसात, त्यांचा आपला रस्ताच एक नाही. आजीच्या खानावळीत जेवणारे बदली कामगारही, म्हणजे कुणी गैरहजर असेल तरच गिरणीत काम मिळणारे, पोटापुरतंच कमवायचे, पण निदान वाण्याच्या उधारीच्या वहीत सगळे शेजारी शेजारी होते.

पुनर्विकास झाला तर तीनशे फूट मिळतील म्हणतात. मिळोत. पण त्यात आपण सहा माणसं, वर टॉवरचा मेंटेनन्स, आणि कधी होणार ते बिल्डरलाही माहीत नाही. तोवर पोरं मोठी होतील. माझ्या दहावीला तुम्ही दोघं पोटमाळ्यावर झोपायचात, आई, का तर खाली मला दिवा लावून वाचता यावं. तिथे पंख्याचं वारंसुद्धा पोचायचं नाही. माझ्या पोरांसाठी तुम्ही पुन्हा त्या शिडीवर चढावं, हे मला बघवणार नाही.

मी लांब जातोय असं मात्र समजू नका. ऑफिस गिरणीच्याच कंपाउंडात आहे, तुमच्यापासून दहा मिनिटांवर. रोज संध्याकाळी चहाला येईन, मगच गाडी पकडेन. पहाटेचं पाणी भरायला खालच्या पोराला सांगून ठेवलंय. मोठं पिंप आणतोय, म्हणजे आईला कळश्या उचलायला नकोत. केईएम हॉस्पिटल जवळ आहे म्हणूनच तुम्हाला लगेच चला म्हणत नाही. तिकडे हॉल तुमचाच. लिफ्ट आहे, कमोड घरात आहे आणि भिंतीला धरायला दांडी लावून घेतोय. पावसाळ्यापुरते तरी या, तुमच्या सुनेचंही तेच म्हणणं आहे.

आता हे नीट ऐका. बाबा, रात्री सामाईक संडासाला जाताना टॉर्च आणि काठी दोन्ही घ्यायचं, ‘मला दिसतंय’ चालणार नाही. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. आई, जिना दिवसातून एकदाच. भाडेपावत्या, गिरणीचा तिकीट नंबर असलेले कागद, पीएफची स्लिप, सगळं एका पिशवीत घालून कपाटात ठेवा. झेरॉक्स मी काढतो. बिल्डरचा माणूस गोड बोलून कुठे सही मागेल तर ‘मुलाला दाखवून सांगतो’ एवढंच म्हणायचं. कोऱ्या कागदावर तर अजिबात नाही, मंडळाचा कार्यकर्ता सोबत आला तरी नाही.

येत्या शनिवारी घर बघायला जाऊ. दुपारची गाडी घेऊ, बसायला मिळतं. आधी रागवायचं असेल तर रागवा बाबा, पण चला.

तुमचा,
बाळ्या