अर्ज भरण्याआधी

बडोदे, 20 जुलै 2025

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

येत्या 1 ऑगस्टला अमेरिकेतील कॉलेजांसाठीचा कॉमन ॲपचा यंदाचा अर्ज खुला होईल, आणि त्याआधी तुझ्याशी एकदा मुद्द्याला धरून बोलावे असे माझ्या मनात आहे. जेवताना हा विषय निघाला की तो गणिताच्या गुणांवर येऊन अडतो आणि तू ताटावरून उठतेस, म्हणून लिहून देते आहे. सावकाश वाच, आणि जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलने खूण कर.

तुझे म्हणणे असे आहे की अकरावीत गणितात 54 आणि भौतिकशास्त्रात 58 पडले असले, तरी विश्वामित्री नदीतल्या मगरींसाठी तू जे काम केले आहेस ते इतके वेगळे आहे की गुणांची उणीव त्याने भरून निघेल. काम वेगळे आहे याबद्दल मला शंका नाही. उणीव भरून निघेल हे मात्र मला मान्य नाही. माझी नोकरी कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाच्या फायली हाताळण्यात गेली आहे, आणि गेले काही महिने मी परदेशी कॉलेजांचे नियमही वाचते आहे. फाइल वाचणाऱ्यापुढे दोन स्वतंत्र प्रश्न असतात: ही मुलगी इथला अभ्यास पेलेल का, आणि पेलू शकणाऱ्या इतक्या मुलांतून हिलाच का घ्यावे. नदीवरचे तुझे काम दुसऱ्या प्रश्नाचे उत्तम उत्तर आहे. परंतु फाइल पहिल्या प्रश्नावर अडली, तर दुसऱ्यापर्यंत कोणी पोचतच नाही.

हे माझे मत म्हणून सोडून देऊ नकोस. अमेरिकेतील अनेक कॉलेजे दर वर्षी कॉमन डेटा सेट नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यातील सी-7 या तक्त्यात विषयांची काठिण्यपातळी, शाळेतील गुण, निबंध, शिफारसपत्रे, उपक्रम अशी एकेक बाब मांडून तिला ते कॉलेज किती महत्त्व देते हे नोंदवलेले असते. तुझ्या यादीतील प्रत्येक कॉलेजचा हा तक्ता काढून पाहा. आणि हेही ध्यानात ठेव की हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभर अर्जांमागे चारच्या आसपास मुले घेतली जातात. त्या रांगेत गुण आणि काम दोन्ही भक्कम असलेली मुले भरपूर असतात.

आता तुझ्या वहीबद्दल लिहिते, कारण माझ्या मते तुझा सगळा अर्ज त्या वहीत आहे आणि तुझ्या निबंधाच्या मसुद्यात तिचा उल्लेखही नाही. गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस पूर आला, निम्मे शहर पाण्यात गेले आणि मगरी सोसायट्यांच्या आवारात शिरल्या, तेव्हा स्वयंसेवकांकडे येणारे फोन घेऊन नोंदी ठेवण्याचे काम तुझ्याकडे होते. वेळ, ठिकाण, पाणी चढते की ओसरते, मगर कुठे सोडली, असे रकाने तू स्वतः आखलेस. लांबीच्या रकान्यात फोनवर सांगितलेला आकडा लिहून त्यापुढे तू ‘अंदाज’ असे लिहीत होतीस, आणि पकडल्यानंतर टेप लावून कळलेला आकडा दुसऱ्या शाईने खाली लिहून त्यापुढे ‘मोजून’. एका पानावर मी पाहिले: अंदाज 6 फूट, मोजून 3 फूट 10 इंच. पुढे हिवाळ्यात, कोणीही सांगितलेले नसताना, तू त्या सगळ्या जोड्या एकत्र मांडल्यास, लोक सरासरी किती पटीने वाढवून सांगतात ते काढलेस, आणि रात्री आलेल्या फोनांत ही वाढ जास्त असते का, हेही तपासलेस.

मुक्ता, हे गणित आहे. ज्या मुलीने हे केले तिला गणित जमत नाही असे मी कधीही मान्य करणार नाही. आकडा कशाचा आहे हे तुला माहीत असले की तू त्याच्या मागे लागतेस. पाठ्यपुस्तकातला आकडा तुला कोणाचाच वाटत नाही, म्हणून तू त्याला सोडून देतेस. कारण काहीही असले तरी गुणपत्रिकेवर 54 च दिसतात. पण पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर तुझ्याजवळ आहे, हे मला त्या वहीवरून कळते.

तुझा मसुदा पुराच्या पाण्यातून जिन्यावर चढलेल्या मगरीने सुरू होतो. प्रसंग जिवंत उतरला आहे, परंतु त्या प्रसंगात धाडस दुसऱ्यांचे आहे आणि तू बाजूला उभी आहेस. कॉमन ॲपचा निबंध फार तर 650 शब्दांचा. त्यातील निम्मे शब्द दोरी आणि टॉर्चवर खर्च झाले, तर तुझ्या वाट्याला काय उरते? ‘अंदाज’ आणि ‘मोजून’ या दोन रकान्यांवर लिही. घाबरलेल्या माणसाच्या बोलण्यावर तू अविश्वास दाखवला नाहीस, आणि त्याचा आकडा खरा म्हणून उतरवूनही घेतला नाहीस. तुझी जी ओळख मला त्या वाचणाऱ्याला व्हावीशी वाटते ती हीच आहे.

त्या प्रवेश-सल्लागारांनी जूनमध्ये सुचवल्यावरून तू या कामाला संस्थेचे नाव दिलेस, बोधचिन्ह करवून घेतलेस आणि स्वतःला संस्थापक-अध्यक्ष म्हणवलेस. ते अर्जातून काढून टाक. उपक्रमांच्या रकान्यांत दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरे. दहाही भरल्याच पाहिजेत असा नियम नाही. तिसरीतली चित्रकलेची स्पर्धा आणि एका शनिवारचे वृक्षारोपण यांमुळे वहीचे काम आणि गुजरातीत काढलेले ते सूचनापत्रक झाकले जाईल. वर्षे आणि तास लिहिताना मात्र वहीचाच नियम पाळ: जे मोजले नाही ते मोजल्यासारखे लिहू नकोस.

पुराचा उपयोग गुणांची सबब म्हणून करू नये, याबद्दल माझे मत पक्के आहे. अर्जात अधिक माहितीसाठी वेगळी जागा असते आणि ज्यांच्या घरी आजारपण किंवा आपत्ती आली त्यांनी ती जरूर वापरावी. आपले घर कोरडे राहिले. जुलैच्या चाचणीत, म्हणजे पुराच्या आधीच, तुझे गणिताचे गुण घसरलेले होते, आणि त्या गुणपत्रिकेवर तारीख असते. वाचणाऱ्याला ही विसंगती एकदा दिसली की बाकीच्या अर्जाकडेही तो संशयाने पाहील. त्या जागेत दोनच वाक्ये पुरतील: अकरावीत गणित आणि भौतिकशास्त्र मागे पडले, आणि त्यानंतर मी काय केले. दुसरे वाक्य अजून लिहिता येण्याजोगे नाही. ते लिहिता यावे यासाठी हातात ऑगस्ट आणि सप्टेंबर आहेत.

म्हणूनच 1 नोव्हेंबरला अर्ली डिसिजनने अर्ज करण्याचा तुझा बेत मला योग्य वाटत नाही. लवकर अर्ज केल्याने संधी वाढते हे काही ठिकाणी खरे आहे. परंतु ज्यांचे गुण आत्ताच चांगले आहेत त्यांना त्याचा फायदा. तुझे गुण चढायचे आहेत, आणि जानेवारीच्या मुदतीपर्यंत सहामाहीचा निकाल हातात येईल. शिवाय अर्ली डिसिजन बांधून घेणारे असते: प्रवेश मिळाला की तिथेच जावे लागते, आणि कोणी किती आर्थिक साहाय्य देते याची तुलना करता येत नाही. बाबांच्या आणि माझ्या पगारात पूर्ण फी बसणार नाही. परदेशी विद्यार्थ्याने किती मदत मागितली हे प्रवेश ठरवताना न पाहणारी हार्वर्ड, येल, ॲमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजे आहेत, आणि तिथली रांग सर्वांत लांब आहे. इतर बहुतेक ठिकाणी मागितलेली मदत विचारात घेतली जाते, आणि गुण कमी असताना ती जड जाते.

सॅट, म्हणजे अमेरिकेतील कॉलेजे पाहतात ती प्रवेशपरीक्षा, ऑक्टोबरमध्ये दे. त्यातील गणितात बीजगणित आहे, टक्केवारी आणि माहितीचे विश्लेषण आहे, आणि कॅल्क्युलेटर सर्व प्रश्नांना चालतो. वहीतला तक्ता करणाऱ्या मुलीने 800 पैकी चांगले गुण मिळवले, तर शाळेतल्या 54 शेजारी वाचणाऱ्याला दुसरा एक पुरावा दिसेल. शिफारसपत्र जीवशास्त्राच्या बाई आनंदाने देतील. दुसरे पत्र गणिताच्या सरांकडून मिळावे असे मला वाटते, मात्र सहामाहीत सुधारणा झाली तरच. आत्ताच जाऊन त्यांना तो तक्ता दाखव. त्यांनी तो पाहिलेला नाही.

यादी फक्त परदेशाची ठेवू नकोस. अशोका विद्यापीठ निबंध आणि मुलाखतही पाहते. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात जीवशास्त्राची बी.एस्सी. आहे, आणि तिथे प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत घेतात. तुझे काम तिथे बोलून दाखवता येईल. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचे तुला आकर्षण आहे, पण तिथे सगळे प्रवेश परीक्षेवर ठरते: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्राचे प्रत्येकी 15 प्रश्न, आणि नदीसाठी एकही गुण नाही. म्हणजे कोणत्याही वाटेने गेलीस तरी गणित मध्ये येणारच. दिल्ली विद्यापीठाच्या उपक्रमांसाठीच्या जागा संगीत, नृत्य, वादविवाद अशा ठरावीक प्रकारांना असतात, त्यामुळे तो विचार सोडून दे. आणि आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाचे नाव यादीत शेवटी, नाइलाज म्हणून लिहू नकोस. ज्या नदीवर तुझे काम आहे ती त्या विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि घरी राहून ते काम पुढे नेता येते.

एक काम मी माझ्याकडे घेते. अकरावीचे पेपर आपली शाळा कडक तपासते आणि वर्गात गणिताचे सर्वाधिक गुणही 81 च होते, हे शाळेने आपल्या माहितीपत्रकात लिहावे, अशी विनंती मी मुख्याध्यापिकांना करणार आहे. परदेशी वाचणारा गुण शाळेच्या संदर्भात पाहतो, पण तो संदर्भ त्याला शाळेनेच द्यावा लागतो.

रविवारी बाबा दिवसभर घरी आहेत. तोपर्यंत प्रत्येक कॉलेजचा सी-7 तक्ता काढून ठेव आणि गणिताची शिकवणी पुन्हा कोणत्या दिवसांपासून सुरू करायची ते ठरव. फीचे आकडे मी मांडून ठेवते.

तुझी,
आई