वेशावर निर्बंध नकोत

मा. संपादक महोदय,

पुरुषांनी स्त्रीवेशात सादर केलेल्या कार्यक्रमांवर, म्हणजे तिकडे ज्याला ‘ड्रॅग’ म्हणतात त्यावर, अमेरिकेतील काही राज्यांनी निर्बंध आणल्याच्या बातम्या आपल्याकडे गंमत म्हणून वाचल्या जातात. मला त्यांत गमतीचे काही दिसत नाही. टेनेसी राज्याने मार्च २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात प्रौढांसाठीच्या करमणुकीची व्याख्या करताना वस्त्रे उतरवून नाचणाऱ्यांच्या पंक्तीला स्त्री किंवा पुरुषाची बतावणी करणारे कलावंतही बसवले, आणि असा प्रयोग मुलांना अपायकारक ठरून त्यांच्या नजरेस पडण्याजोग्या जागी झाला, तर शिक्षा ठेवली. जून २०२३ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. पण दावा लावणाऱ्या नाट्यसंस्थेला तो लावण्याचा अधिकारच पोहोचत नाही, असे सांगून अपिलाच्या न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो निकाल फिरवला. कायदा योग्य की अयोग्य, हे बाजूलाच राहिले.

ही व्याख्या आपल्या मुलखाला लावून पाहावी. संगीत नाटकाला घडवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या नावाच्या मंडळीतून बालगंधर्व स्त्रीभूमिकांत पुढे आले आणि त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. शेजारच्या सिंधुदुर्गात दशावतारातील स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करत आले आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर लुगडे नेसून चौंडक्याच्या तालावर नाचणाऱ्या, देवीला वाहिलेल्या जोगत्यांचा तर तो वेशही नव्हे, ते त्यांचे जगणे आहे. त्याच परंपरेतील मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि लोककलांसाठीच्या कर्नाटक जानपद अकादमीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. मात्र याच राज्याने २०११ मध्ये पोलीस कायद्यात कलम ३६-अ घालून संशयित तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार आयुक्तांना दिला होता, आणि त्यातील ‘युनक’ हा इंग्रजी शब्द पुढे बदलावा लागला, हेही विसरता येत नाही.

जत्रेतल्या नाटकांसाठी मी रंगभूषा केली आहे. वडील हयात असताना मिशी काढू नये, असे मानणाऱ्या घरातला पोरगा एका रात्रीच्या भूमिकेसाठी ती उतरवून माझ्यासमोर बसे. नऊवारीच्या निऱ्या नीट बसेपर्यंत तो हलत नसे, आणि पडदा उघडला की त्याची आई धाकट्या पोरांना घेऊन अगदी पुढे बसलेली दिसे. त्या पोरांचे यात काय बिघडले, हे बंदीची भाषा करणाऱ्यांनी सांगावे.

करमणुकीच्या जागांवरील बंदीचा मार कोणावर बसतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २००५ मध्ये डान्सबार बंद झाले तेव्हा तारांकित हॉटेलांना त्यातून वगळण्यात आले होते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल उचलून धरला, पण मधल्या वर्षांत पोट उपाशी राहिले ते नाचणाऱ्या स्त्रियांचे. ऑर्केस्ट्रा बारमध्ये मंचावर चारच स्त्रिया आणि चारच पुरुष, ही अटही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये काढून टाकली. नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा १८७६ चा इंग्रजी कायदा २०१८ मध्ये रद्द झाला; तो मागच्या दाराने परत येऊ नये.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद असावा, मंडपातून बाहेर पडायला पुरेशा वाटा असाव्यात, दारू विकली जाते तेथे मुले नसावीत, हे सर्व मला मान्य आहे. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य घडलेच, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ आहे, आणि ते कृत्य पाहते, अंगावरचे कपडे पाहत नाही. म्हणून सीमाभागातील लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे की, जत्रा, नाट्यगृहे व ऑर्केस्ट्रा यांच्या परवान्यांसाठी जे नियम होतील, त्यांत कलावंताच्या वेशाचा किंवा लिंगाचा उल्लेखच नसावा, आणि परवाना नाकारल्यास त्याचे कारण अर्जदाराला लेखी, मराठीतूनही, मिळावे.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक,
खानापूर, जि. बेळगाव