सूचना : दुकानाची दर्शनी बाजू आणि गटारीवरच्या फरशा

सर्व सभासद दुकानदारांस नमस्कार.

दर्शनी बाजूच्या कामाला मंडळाच्या निधीतून निम्मा खर्च मिळेल, पण काम झाल्यावर. आधी दोन दरपत्रके, समोरून काढलेला फोटो आणि ट्रेड लायसन्सची प्रत द्या. मंजुरीआधी सुरू केलेल्या कामाचे पैसे मिळणार नाहीत. जुनी स्थिती नंतर तपासताच येत नाही. बिल दुकानाच्या नावाचेच हवे.

नवा फलक करताना कर्नाटकच्या कायद्याप्रमाणे ६० टक्के भाग कन्नड आणि तोही वरच्या अर्ध्यात; मराठी नाव खाली ठसठशीत घ्या. पेंटरला आधीच आराखडा काढून द्या, नाहीतर फलक पुन्हा करावा लागतो.

शटरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढा, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्या. बाजूच्या पट्ट्यांच्या खाचेत रंग गेला की शटर अडकते, तिथे कागदी टेप लावा. हे सगळे मिरगाआधी उरका. ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरतो.

गटारीवर सलग काँक्रीट कृपया कुणीही ओतू नये. गाळ काढायला वाट राहत नाही, आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यात शिरते. दोन माणसांना उचलता येतील अशा, कडी असलेल्या सुट्या फरशाच बसवा. पत्र्याचा उतार रस्त्याकडे, पन्हळ लावूनच.

फरशांची वर्गणी दुकानाच्या रुंदीप्रमाणे, फुटावर. मापे शनिवारी रात्री, दुकाने वाढवल्यावर घेऊ. दारात थांबा.