‘अजून किती दिवस जाशील तिथे?’

मनीषनगर, नागपूर
रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले, ‘दारू सुटली ना आता? मग अजून किती दिवस जाशील तिथे, त्या मिटिंगांना?’ मी ‘पाहू’ म्हणालो आणि विषय टाळला. फोनवर मला धड सांगता येत नाही. आई मधेच ‘जेवलास का’ विचारते आणि माझं सगळं तिथेच अडतं. म्हणून लिहितो आहे.

आधी एक कबुली. तुम्ही मला आर्वीला नेऊन ठेवलं होतं, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणून. बाबा, चौथ्या दिवशी मला माहीत झालं होतं की नदीपलीकडून कोण आणतो आणि कोणत्या पानठेल्यामागे देतो. पिणाऱ्याला हे कोणाला विचारावं लागत नाही.

मग शेगावची शपथ. ती मी मनापासून घेतली होती, खोटी नव्हती. पण एकदम सोडल्यावर तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, आणि पहाटे झटका आला. शेजारच्या काकूंनी ‘बाहेरचं आहे’ म्हणून लिंबू उतरवलं. बाहेरचं काही नव्हतं. रोजच्या दारूने मेंदू दबून राहायला शिकलेला असतो. दारू अचानक काढली की तो दुप्पट उसळतो, आणि त्यात माणूस जाऊही शकतो. म्हणून फार पिणाऱ्याने डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची असते. हे तेव्हा आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. शपथ मोडली म्हणून तुम्ही वर्षभर देवाची माफी मागत होता, त्याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे दवाखान्यात भरती झालो, आणि तिथून सुटताना सिस्टरने एका चिठ्ठीवर एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा नंबर लिहून दिला. चिठ्ठी खिशात घेऊन तीन आठवडे फिरलो. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, ‘मीही बेवडाच आहे भाऊ, संध्याकाळी ये.’ सदरकडच्या एका शाळेचा वर्ग होता. दोनदा फाटकावरून परत आलो. तिसऱ्या वेळी पाऊस आला म्हणून आत शिरलो, एवढंच. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठमोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. त्यात एक ऑटोवाला, एक निवृत्त साहेब आणि एक माझ्याहून लहान मुलगी.

तिथे प्रत्येक जण उठून आपलं पहिलं नाव सांगतो आणि ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो. आडनाव कोणी विचारत नाही. आपल्याकडे आडनाव सांगितलं की जात, गाव, घर सगळं सांगून होतं. त्या वर्गात वर्षभरात मला एकाचंही ठाऊक नाही. उपदेशही कोणी करत नाही, जो तो आपलंच सांगतो. पहिल्या दिवशी ऑटोवाल्याने बायकोच्या मंगळसूत्राचं सांगितलं आणि मी खाली पाहत बसलो. आई, तुझ्या पाटल्या कुठे गेल्या ते तुला माहीत आहे.

हे सुरू झालं 1935 साली, अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावी. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे. शेअरवाल्याला पुन्हा प्यावंसं वाटत होतं, तेव्हा तो बारकडे न जाता दुसरा दारुडा शोधत निघाला. दुसऱ्याशी बोलताना त्याचं स्वतःचं टळलं. बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मी औषध घ्यायला जात नाही, बोलायला जातो. आता नवा माणूस दारात घुटमळला की मी उठून त्याला चहा देतो, आणि त्या संध्याकाळी माझीही टळते. आपण दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा तो पुतळा, पाहायला जायचो. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून एकदा ओरडलं की पीडा कायमची जाते का? पुढच्या वर्षी पुन्हा काढतातच ना? माझी रोज संध्याकाळी निघते.

म्हणून नातेवाइकांना ‘पोरगा बरा झाला’ असं सांगू नका. ‘आज पीत नाही’ एवढंच सांगा.

बाबा, तुम्ही देणगी म्हणून पाठवलेले पाच हजार परत करतो आहे. तिथे फी नाही, आणि बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत. शेवटी एक पिशवी फिरते, सभासद दहा-वीस टाकतात, त्यात चहा आणि वर्गाचं भाडं निघतं. पावती नसते, हे तुम्हाला आवडणार नाही.

आई, तुझ्यासारख्यांच्याही वेगळ्या मिटिंगा असतात, अल-अनॉन म्हणतात. माझं तोंड हुंगणं, ऑफिसात ‘ताप आहे’ म्हणून खोटं सांगणं, हे सगळं तू एकटीने केलंस. मी सोडली तरी तुझी झोप अजून परत आलेली नाही. जायचंच असं नाही, मनात ठेव.

पुढच्या महिन्यात मला न पिता वर्ष होतं. त्या दिवशीची मिटिंग ओपन आहे, घरच्यांना येता येतं. त्या पाच हजारांतून एसटीचं तिकीट काढा. सकाळच्या गाडीने निघा, कोंढाळीला चहा घ्या, गणेशपेठ स्टँडवर मी उभा असेन. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. बाबा, बाक बुटके आहेत, गुडघ्याचा पट्टा आणा.

तुमचा,
बंडू