रेकलेसच्या पाठीवरचे ओझे

मा. संपादक,

शूर घोडा म्हटले की आपल्याला चेतकच आठवतो. कोरियन युद्धातल्या ‘रेकलेस’ घोडीचा हिशेबही पाहावा. मार्च १९५३ मध्ये व्हेगास चौकीच्या लढाईत अमेरिकी मरीन्सच्या या घोडीने एका दिवसात ५१ खेपांत ३८६ गोळे चढणीवर पोचवले. ७५ मि.मी. रिकॉइललेस (डागताना मागे धक्का न देणाऱ्या) तोफेचा गोळा सुमारे ११ किलोचा. म्हणजे खोगिरावर दर खेपेला सरासरी ऐंशी किलोंवर ओझे! ही तोफ डागताच मागे धुरळ्याचा लोट उठतो, शत्रूला जागा कळते, म्हणून तोफ सारखी हलवावी लागते. गोळेही तिच्यामागे जायला हवेत. बहुतेक खेपा घोडीने एकटीने केल्या. दोनदा जखमी झाली. युद्धात शौर्य गाजवणाऱ्या प्राण्यांना दिले जाणारे ब्रिटनचे डिकिन पदक तिला मिळाले २०१६ मध्ये, मृत्यूनंतर तब्बल ४८ वर्षांनी.

– एक वाचक