मेणवलीच्या फोटोला कात्री लावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

दादा म्हणाला की लग्नाच्या वाढदिवसाला तो मेणवलीच्या घाटावरचा फोटो मोठा करून फ्रेम करायचाय, स्टुडिओवाला खालची बाबांची सावली काढून टाकणार, आईला मधोमध आणणार आणि वर कलरही भरून देणार. मी तेव्हा मीटिंगमध्ये होते म्हणून काही बोलले नाही, आता लिहितेय, कारण फोनवर बाबा अर्धं ऐकतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. प्लीज असलं काही करू नका.

अल्बममध्ये चिकटवलाय ना, तो पूर्ण फोटो नाहीच. बाबा, तुमचा तो आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, बडोद्याला बनायचा तो, त्यात १२० नंबरचा रोल, एका रोलमध्ये १२ फोटो, आणि प्रत्येक फोटो चौरस, ६ बाय ६ सेंटीमीटर. स्टुडिओनं पोस्टकार्ड साइझ काढताना वरचं आणि खालचं सरळ उडवलं, आडव्या कागदावर चौरस मावणार तरी कसा. मी निगेटिव्ह स्कॅन करून ग्रुपवर टाकलं तेव्हा आपल्या सगळ्यांना पहिल्यांदा अख्खा फोटो दिसला, आणि दादाला त्यात दिसली काय तर सावली.

आता जरा मोबाइलवर झूम न करता, लांब धरून बघा. नजर आधी आईवर जाते, बरोबर? ते काही फक्त चेहरा आहे म्हणून नाही. घाटाचा दगड काळा, साडी फिकी, आणि काळं-पांढरं जिथे सगळ्यात जोरात भिडतं तिथे डोळा पहिला जातो. तिथून तो पायऱ्या धरतो. मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळतो, त्यामुळे पायऱ्यांच्या रेघा सरळ बाहेर न जाता वळून वर घंटेच्या छोट्या देवळापाशी जातात (तीच घंटा, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली, बाबा दर वेळी सांगतात ती). फोटोत घंटा दिसतच नाही, नुसती अंधारी कमान आहे उजवीकडे वर, पण त्या काळ्या ठोकळ्याचं वजन आहे म्हणून डावीकडे बसलेली आई तोलली जाते. तिला मधोमध आणलंत तर कमान कापली जाणार, आणि मग राहिला पासपोर्ट फोटो.

दादा म्हणेल, आई मधोमध नाही ते रूल ऑफ थर्ड्समुळे, म्हणजे फोटोचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायची, मोबाइलमध्ये नऊ चौकोन येतात ना ते. तो नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या एका इंग्रज चित्रकारानं १७९७ साली लिहिला, तोही निसर्गचित्रांसाठी, तेव्हा फोटोग्राफीचा पत्ताही नव्हता. आई साधारण त्या रेघेवर आहे खरी, पण बाबांनी हे मोजून केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही, एवढ्याशा खिडकीतून काय दिसणार. मला वाटतं त्यांना देऊळही हवं होतं आणि आईही, म्हणून ते मागे सरकत गेले.

आणि सावली. सगळे सांगायचे सूर्य पाठीशी ठेवा, बाबांनी ठेवला, ऊन तिरपं होतं म्हणून सावली पायऱ्यांवर मोडत मोडत आईच्या पायांच्या जरा खालपर्यंत आली. कॅमेरा डोळ्याला लावलाय म्हणून सावलीचं कोपर बाहेर आलंय, त्रिकोण झालाय. वर बघा, आईच्या तोंडावर ऊन आलंय म्हणून तिनं कपाळावर हात धरलाय, तिचंही कोपर बाहेर, तसाच त्रिकोण. एक खाली काळा, एक वर उजळ. हा योगायोग आहे मान्य, पण फोटो त्याच्यावरच उभा आहे. सावली पुसली तर खाली नुसत्या पायऱ्या उरतात आणि आई कोणाकडे बघून हसतेय ते कळत नाही.

दोषही आहेत, नाही असं नाही. फोटो किंचित कललाय, नदीचं पाणी डावीकडे वाहून जाईल असं वाटतं. उजव्या कडेला कोणाची तरी अर्धी बादली आलीय, नजर तिथे उगाच अडकते. पण बादली कापायची तर चौरस मोडतो, राहू दे ती.

कलरचं तर बोलूच नका. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोन वेगळे रंग सारख्याच राखाडी छटेचे दिसू शकतात, मग स्टुडिओवाला ठरवणार कशावरून? आई म्हणते साडी मोतिया होती, बाबा म्हणतात आकाशी, तो भरणार त्याला आवडेल तो आणि मग सगळ्यांची नजर साडीवरच जाणार.

तेव्हा असं करा. १२ बाय १२ इंच, पूर्ण चौरस, मॅट पेपर, चारी बाजूंनी रुंद पांढरा माउंट. बाल्कनीसमोर लावू नका, काचेत उजेड चमकतो आणि ऊन लागून प्रिंट उडतो. बाकीच्या निगेटिव्ह कपाटात डांबराच्या गोळ्यांजवळ आहेत त्या काढून कोरड्या कागदी पाकिटात घाला, बोटं न लावता, कडेनं धरून. आणि बाबा, दादाला तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर भांडण होईल. स्टुडिओवाल्यानं अ‍ॅडव्हान्स घेतला असेल तर मी भरते.

तुमची,
धाकटी