पुस्तकातले की पडद्यावरचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हॅरी पॉटरच्या चाहत्यांमध्ये ‘हे वाक्य कोणाचे’ ओळखण्याचा खेळ फार रंगतो. मात्र त्यात पुस्तक आणि चित्रपट यांची सर्रास सरमिसळ होते. परवा आमच्याकडे, नावाला घाबरल्याने त्या गोष्टीचीच भीती वाढते, या अर्थाचे वाक्य विचारले गेले. भाची म्हणाली हॅरीची मैत्रीण हर्मायनी, पुतण्या म्हणाला हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर, आणि दोघेही हटेनात. शेवटी पहिला भाग काढला, तेव्हा अखेरच्या प्रकरणात, शाळेच्या दवाखान्यात पडलेल्या हॅरीला ते डम्बलडोरच सांगताना सापडले. २००२च्या दुसऱ्या चित्रपटात मात्र ते हर्मायनीच्या तोंडी घातले आहे, त्यामुळे भाचीचे चुकले असेही म्हणवेना. काळोखातही आनंद सापडतो, फक्त दिवा लावायची आठवण हवी, हे डम्बलडोर यांच्या नावावर खपणारे वाक्य तर २००४च्या तिसऱ्या चित्रपटातले असून कादंबरीत ते नाहीच. त्याहून गंमत म्हणजे हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावरची मृत्यूविषयीची ओळ मुळात बायबलमधली, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातली आहे; तिथे गुण कोणाला द्यायचे? प्रश्न काढणाऱ्यांनी निदान ‘पुस्तकात’ की ‘चित्रपटात’ एवढे तरी नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक